अकराव्या मशीनची सफाई

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले ते नेमके पितृपंधरवड्यात. टेम्पो दारात लागला तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कमरेवर हात ठेवून पायरीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यांना हाच मुहूर्त सापडला?" अकरा मॉनिटर, अकरा डबे आणि कीबोर्डांनी भरलेलं एक पोतं. सगळ्यावर पिवळट धूळ बसलेली. ती झटकली की बोटांना कडवट वास राहायचा आणि साबणानेही तो चटकन जायचा नाही.

वास माझ्या ओळखीचा होता. दादाच्या शर्टांना तोच यायचा. वहिनी त्याचे कारखान्याचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू द्यायची नाही, वेगळ्या बादलीत भिजवायची. त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं आम्हा तिघांपैकी कोणालाच कधी वाटलं नव्हतं.

दादा माझा मोठा भाऊ. सावली गावाच्या रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होता, परमनंट. त्या दिवसांत बडोद्याभोवती एकीकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि दुसरीकडे जुन्या कारखान्यांतून माणसांना घरी बसवत होते, त्यामुळे 'परमनंट' हा शब्द आमच्या घरी देवाचं नाव घ्यावं तसा घेतला जायचा. वडील लवकर गेले. दादाने पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं आणि मला मात्र बी.एस्सी., बी.एड. करायला लावलं. मी लग्न केलं नाही. पाणीगेट वेशीच्या आत दोन खोल्यांत तो, वहिनी आणि मी असे राहायचो. मी तापट, तो थंड. घरात भांडण काढायचं मी आणि मिटवायचं त्याने, अशी वाटणी ठरलेली होती.

मी गणित आणि विज्ञान शिकवायची. शाळा मुलींची, मराठी माध्यमाची, घडियाळी पोळ या जुन्या वस्तीपासून चालत पाच मिनिटांवर. आमच्यासारखी, ज्यांचे आजे-पणजे संस्थानच्या फौजेत होते अशी घरं आजूबाजूला पुष्कळ, पण त्यांच्याच मुली आता इंग्रजी शाळांच्या बसमध्ये चढत होत्या. त्या शाळांच्या पाट्यांवर 'कॉम्प्युटर लॅब' असं रंगवलेलं असायचं. आमच्या पाटीवर नुसती स्थापनेची तारीख होती. मी घरी यावरून रोज चिडचिड करायची. दादा ऐकून घ्यायचा. मग एक दिवस म्हणाला की ऑफिसात नवे कॉम्प्युटर येताहेत, जुने भंगारात जाणार आहेत, मी साहेबांना विचारतो. साहेब हो म्हणाले. अट एवढीच की आतलं सगळं पुसून घ्यायचं. "माझी बहीण पुसून घेईल," असं दादाने सांगितलं, आणि टेम्पो आला.

पितृपंधरवड्यात नवं काम सुरू करायचं नाही असं मोठ्या बाईंनी ठरवलं. कॉम्प्युटरचे पितर कोण हे मी दोनदा विचारलं, तर त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. घट बसल्यावर हात लावा आणि खंडेनवमीला पूजेला तयार ठेवा, असा हुकूम झाला. म्हणजे मला आठच दिवस मिळाले.

मशीन इतकी जुनी की त्यांच्यावर नवं विंडोज चढलं नसतं, आणि जे आत होतं ते पासवर्ड लावून बंद. विकत घ्यायची ऐपत नाही, आणि चोरीची सीडी घालू दिली तर शाळेची अब्रू जाईल, असं संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले. तेव्हा एका मासिकाबरोबर लिनक्स या विंडोजसारख्याच सॉफ्टवेअरची सीडी फुकट आली होती. ती कोणीही घ्यावी, कितीही मशीनमध्ये घालावी, वाटली तरी गुन्हा नाही. माझा विश्वास बसेना. न्यायमंदिराजवळच्या सायबर कॅफेत बसून मी त्याबद्दलची पानंच्या पानं छापून आणली आणि ती गणिताच्या वहीसारखी पेन्सिलने खुणा करत वाचली. अकरा मशीनमध्ये मिळून चालू सीडी ड्राइव्ह एकच होता. तो एका डब्यातून उपसायचा, दुसऱ्यात बसवायचा, काम झालं की तिसऱ्यात.

मला ते सॉफ्टवेअर आवडलं, ते एका गोष्टीसाठी. सुरू होताना ते काय करतंय ते ओळीने सांगत जायचं. हे सापडलं, ते सापडलं नाही, अमुक बिघडलंय. झाकून काही ठेवायचं नाही. मला असल्या माणसांची सवय कमी होती.

पण बसवण्याआधी मी प्रत्येक डिस्क साफ करायची, आणि ते इतर लोक करतात तसं नाही. नुसतं पुसलं तर जुनं खाली राहतं, शोधणाऱ्याला सापडतं, असं त्या कागदांत लिहिलं होतं. पक्कं साफ करायचं तर डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं भरायची. एका डिस्कला दीड-दोन तास लागायचे. गरज नव्हती. पण आमच्या घरी पणजोबांची तलवार आहे. ती दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी राख आणि लिंबाने घासली जाते. पात्यावर गंजाचा ठिपका राहिला तर ती पूजेला बसत नाही, पुन्हा मोरीत जाते. हत्यार पूजेला ठेवायचं तर निर्मळ ठेवायचं, हे माझ्या अंगातच होतं. मला माझ्या त्या शून्यांचा भारी अभिमान वाटायचा.

अष्टमीला दुपारी शाळा सुटल्यावर मी अकरावं मशीन घेतलं. त्याच्या कुशीवर लाल फुलीचा स्टिकर होता, अर्धा फाटलेला. कारखान्याच्या दवाखान्यातलं मशीन होतं ते.

बाकीच्या दहांच्या आत मी डोकावले नव्हते. याच्या आत डोकावले. कारण सांगते. श्रावणापासून दादा जिना चढताना मध्ये थांबायचा. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. दंडावर निळे डाग उठायचे, कुठे आपटल्याचं त्याला आठवायचं नाही. कारखान्यात दर सहा महिन्यांनी रक्त घ्यायचे आणि तो घरी येऊन सांगायचा, "ऑल ओके." हे दोन शब्द तो पाळी संपताना लॉगबुकात लिहायचा, तेच घरीही सांगायचा.

सीडीवरून मशीन सुरू केलं की पासवर्ड कोणी विचारत नाही, डिस्कवरचं सगळं समोर येतं. एका फाइलमध्ये मोठा तक्ता होता. टोकन नंबर, तारीख, रक्तातल्या पेशींचे आकडे. दादाचा टोकन नंबर मला पाठ होता, एक अक्षर आणि चार आकडे, त्याच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर कोरलेले. मी त्याची ओळ शोधली. सहा हजार आठशे. सहा हजार शंभर. पाच हजार दोनशे. चार हजार चारशे. शेवटचा तीन हजार सहाशे. त्याच्यापुढे इंग्रजीत शेरा, या कामगाराला या खात्यातून हलवावे. तोच शेरा चार वेळा, चार वेगवेगळ्या तारखांना. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, कामगाराला कळवले का. त्यात चारही वेळा 'नाही'.

मी रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. पुष्कळ टोकन नंबर होते. पुष्कळ 'नाही' होते. वर्गात पंखा चालू होता, मशीन तापलं होतं आणि त्यातून दादाच्या शर्टाचा वास येत होता. मला भीती वाटली.

माझ्या पर्समध्ये कोरी फ्लॉपी होती. मी ती बाहेर काढली. मग वाटलं, हे दादाचं आहे, आधी त्याला विचारावं. घरातल्या मोठ्या माणसाच्या बाबतीतलं काही त्याला न विचारता करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. फ्लॉपी पर्समध्ये ठेवली, मशीन बंद केलं आणि घरी गेले.

दादा मोरीत उकिडवा बसून तलवार घासत होता. आत वहिनी उद्याच्या नैवेद्याची तयारी करत होती. मी दाराशी उभी राहिले आणि आवाज खाली ठेवला.

"दादा, तुमचं रक्त घेतात त्याचं पुढे काय करतात?"

"चहात घालून पितात," तो म्हणाला.

"थट्टा नको. सांगतात काय तुला?"

"सांगतात ने. ऑल ओके."

मग मी त्याला सगळं सांगितलं. आकडे सांगितले, शेरा सांगितला, शेवटचा रकाना सांगितला. तो लिंबाची फोड पात्यावरून फिरवत राहिला. बाही वर सरकली होती आणि दंडावरचे निळे डाग मला दिसत होते.

"माझीच ओळ बघितलीस का सगळ्यांची?"

"सगळ्यांची आहे."

त्याचा हात थांबला. "मग तर पूसच."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"हळू बोल, ती ऐकेल." त्याने आत पाहिलं. "साहेबांनी माझ्याकडनं एक कागळ लिहून नाही घेतला. म्हणाले, तुमचा शब्द पुरे. मी शब्द दिलाय की नवमीच्या आत सगळी मशीनं साफ होतील. आणि आता माझीच बहीण चोरून बघितलेलं घेऊन त्यांच्या दारात उभी राहणार? अठरा वर्षं मीठ खाल्लंय त्यांचं."

"आणि रक्त? तुझं रक्त गेलं खड्ड्यात?"

"अगं, तू फिकर नको करू. दिवाळीनंतर मी स्वतः विचारीन. तोंडावर विचारीन, बस?" त्याने तलवारीवर तांब्यातलं पाणी ओतलं आणि पातं उजेडात धरून पाहिलं. "उद्या सकाळी लवकर जा. पूजेच्या आधी झालं पाहिजे."

मी कोणाचं ऐकणारी बाई नाही. मोठ्या बाई, सेक्रेटरी, शेजारीपाजारी, कोणालाही विचारा. पण त्याने कॉलेज सोडलं होतं आणि मी शिकले होते. त्याने दिलेला शब्द मोडायचा अधिकार माझा आहे असं मला त्या संध्याकाळी वाटलं नाही. आज वाटतं.

नवमीला सकाळी सातला मी शाळेत होते. अकरावं मशीन सुरू केलं. फ्लॉपी पर्समध्येच होती, तो तक्ता तिच्यावर सहज मावला असता. मी पर्स उघडलीही नाही. फक्त दादाची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि पाठ केली. मग हुकूम दिला. एरवी इतकं बोलणारं ते सॉफ्टवेअर शून्यं भरताना काही विचारत नाही. खात्री आहे का, म्हणूनही विचारत नाही. हुकूम मिळाला की निमूट कामाला लागतं. मी स्टुलावर बसून डिस्कची घरघर ऐकत राहिले. पुसून टाकायचं तर नुसतं वरवर पुसता आलं असतं. तेवढ्यानेही दादाचा शब्द राहिला असता. पण मला ठिपका राहिलेला चालत नव्हता.

दहा वाजता मोठ्या बाई आरतीचं तबक घेऊन आल्या. अकरा मशीनना हळदकुंकू लागलं, वर झेंडूची फुलं ठेवली, अंगावर पांढरी चादर घातली. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, तसा कोणी लावला नाही. शिक्षकांनी पेढे खाल्ले. मलाही दिला. तो मी रुमालात बांधून ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅबचं उद्घाटन झालं. कारखान्याचे साहेब आले नाहीत, त्यांच्या वतीने दादाच आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मोठ्या बाईंनी त्याला नारळ दिला आणि म्हणाल्या, पहिलं काहीतरी तुम्हीच लिहा. तो लाजला. मुली भोवती जमल्या, आणि त्याला बसवलं ते नेमकं अकराव्या मशीनपुढे. मी दुसरं पुढे करायला गेले तोवर तो बसलाही होता. एका बोटाने अक्षरं शोधत त्याने काहीतरी टाइप केलं, मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत मी काय ते वाचलंही नाही. घरी येताना मी विचारलं, "दिवाळी झाली. विचारलंस?"

"विचारलं," तो म्हणाला. "ऑल ओके म्हणाले."

मग दोन वर्षं आम्ही त्या विषयावर बोललो नाही. लॅब चांगली चालली. पहिल्या वर्षी दोन मुली दुसऱ्या शाळेतून आमच्याकडे आल्या आणि मोठ्या बाईंनी सगळ्या स्टाफला चहा पाजला. मी मुलींना चित्रं काढायला शिकवलं, हिशेबाचे तक्ते शिकवले, आणि तक्ता शिकवताना शेवटचा रकाना रिकामा ठेवायची मला सवय लागली. दादा बारीक होत गेला. जिन्यावर तो आता दोनदा थांबायचा. वहिनी मला म्हणायची, तू तरी बोल ना त्याला. मी बोलायची नाही. बोलायला गेले की तोंडात ते आकडेच यायचे.

तो पाळीवर असताना कोसळला. कारखान्याने त्याला सरकारी दवाखान्यात पोचवलं, आणि आठवड्याभरात त्याचा टोकन नंबर दुसऱ्या कोणाला दिला. हाडांतल्या मज्जेत रक्त तयार होणं जवळजवळ बंद झालं होतं. डॉक्टर गुजराती होते, तरुण आणि भले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बेन, फॅक्टरीना जूना रिपोर्ट छे?" जुने आकडे मिळाले तर हे कामामुळे झालं असं ते लिहून देऊ शकत होते, आणि त्याच खात्यातल्या इतरांना वेळेवर तपासायला लावू शकत होते.

मी एका दमात आकडे सांगितले. सहा हजार आठशेपासून तीन हजार सहाशेपर्यंत. त्यांनी लिहायला पेन काढलं, मग थांबले. "कागळ क्यां छे?"

"कागद नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा शब्द आहे."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. "शब्द न चाले, बेन," ते हळू आवाजात म्हणाले.

कारखान्याला पत्र लिहिलं. उत्तर वेळेवर आलं, मराठी शाळेतही कोणी लिहिणार नाही इतक्या सभ्य भाषेत. कंपनीच्या दवाखान्याचा जुना संगणक पेशंटच्याच बहिणीच्या शाळेला भेट दिलेला आहे, त्यातली माहिती कंपनीकडे उपलब्ध नाही, तरी कृपया शाळेकडे चौकशी करावी. मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

दादाने दवाखान्याच्या खाटेवर ते पत्र मागून घेऊन वाचलं. मग, ज्याने मला पुसायला लावलं होतं तोच, अगदी लहान आवाजात म्हणाला, "बघ ना गं. तुझ्या त्या मशीनमध्ये काही राहिलं असेल तर. थोडं तरी राहिलं असेल."

मला माहीत होतं की काही राहिलेलं नाही. माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी मी म्हणाले, "बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. लॅबला कुलूप लावून आत बसले आणि अकरावं मशीन सुरू केलं. त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय आहे की डिस्कचा कण न् कण, पुसलेला-न पुसलेला, एखाद्या शब्दासाठी चाळता येतो. मी दादाचा टोकन नंबर दिला, ते अक्षर आणि ते चार आकडे. तास गेला, दुसराही गेला. बाहेर मधल्या सुट्टीत मुली ओरडत होत्या. मला माहीत होतं ना, मीच तर भरली होती शून्यं. तरी दर मिनिटाला वाटायचं, कुठेतरी एक ठिपका राहिला असेल. जन्मभर ठिपके घासत आले, त्या दिवशी देवाकडे एक ठिपका मागत होते.

बाराच्या सुमारास पडद्यावर एक ओळ आली. त्याचाच टोकन नंबर होता. मी आजूबाजूचं उघडून पाहिलं. आकडे नव्हते. तपासणीची तारीख नव्हती. फाइल उद्घाटनाच्या दिवसाची होती, नंतर कोणीतरी काढून टाकलेली. एका बोटाने, लॉगबुकात लिहायचा तसाच, त्याने आधी टोकन नंबर टाइप केला होता आणि पुढे दोन शब्द. ऑल ओके.

पुढे सगळी शून्यं होती. मी मशीन बंद केलं. दवाखान्यात चार वाजता भेटायची वेळ होती, आणि दादा विचारणार होता.